प्रेअरीवरच्या जर्मन वसाहतकारांची कादंबरी लिहिताना या चुका टाळा

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी लेखकासमोर गड, दरबार, मोहीम आणि बखर उभी राहते. एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषक मुलखांतून निघून अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशात, म्हणजे प्रेअरीत, वस्तीला गेलेल्या शेतकरी कुटुंबांवर लिहायचे ठरवले की यांपैकी काहीच हाताशी राहत नाही. तेथे सिंहासन नाही, वेढा नाही, आणि बहुतेक पात्रांनी आयुष्यात लिहिलेला सर्वांत लांब मजकूर म्हणजे गावाकडे धाडलेले पत्र. मग चित्रपटांत पाहिलेली दृश्ये मदतीला धावून येतात: कापडी छताच्या गाड्यांचा तांडा, क्षितिजापर्यंत ओसाड माळ, त्यावर एकच घर, कष्टाळू बाप आणि सोशिक आई. एवढ्या भांडवलावर शंभरेक पाने लिहून होतात आणि त्यानंतर कादंबरी जागच्या जागी फिरू लागते.

या विषयावरचे मसुदे ज्या निरनिराळ्या तऱ्हांनी बिघडतात, त्यांच्या मुळाशी बहुधा एकच उणीव असते. कुटुंब कोणत्या गावातून आणि कोणत्या वर्षी निघाले, कोणत्या पंथाचे होते आणि शेवटी नेमक्या कोणत्या जमिनीवर उतरले, हे लेखकाने पहिल्या प्रकरणाआधी ठरवलेले नसते. ते ठरले नाही की पुढे घर कशाचे बांधायचे, चुलीत काय जाळायचे, शेजारी कोण असेल, मुलगी कोणाशी लग्न करील, यांतल्या एकाही प्रश्नाला नेमके उत्तर सापडत नाही.

‘जर्मन’ एवढीच ओळख देणे

१८७१ पूर्वी जर्मनी नावाचे एकसंध राज्य नव्हते. १८५४ साली न्यूयॉर्कला उतरणारा शेतकरी प्रशियाचा, हॅनोवरचा, मेक्लेनबुर्गचा, बाडेनचा किंवा वुर्टेंबर्गचा प्रजाजन असे. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्याला ज्या राजावरची निष्ठा सोडायची त्याचा उल्लेख करून शपथ घ्यावी लागे, आणि त्या कागदावर प्रशियाचा राजा किंवा मेक्लेनबुर्गचा ग्रँड ड्यूक असे स्पष्ट लिहिलेले असे. अशा माणसाच्या तोंडी ‘आमची जर्मन मातृभूमी’ यावर दोन पानांचे भाषण घातले की ते पात्र शेतकरी उरत नाही, लेखकाचा प्रवक्ता होते.

यापेक्षा मोठे नुकसान कारणमीमांसेत होते. ‘गरिबीला कंटाळून ते निघाले’ हे वाक्य मसुद्यात दिसले की तेथे थांबावे, कारण गरिबी प्रत्येक मुलखात निराळ्या वाटेने येत होती. बाडेन, वुर्टेंबर्ग या नैर्ऋत्येकडच्या भागांत जमीन सर्व मुलांत वाटण्याची रीत असल्यामुळे दोन-तीन पिढ्यांत शेताचे इतके तुकडे होत की त्यांवर कुटुंब जगत नसे. वेस्टफेलिया आणि ओस्नाब्रुककडे याच्या उलट होते: संपूर्ण शेत एकाच वारसाकडे जाई आणि बाकीची भावंडे त्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या शेतावर कुळासारखी राबत. घरच्या मागावर लिननचे कापड विणून ती दोन पैसे मिळवत असत, पण कारखान्यांच्या स्वस्त कापडाने तो जोडधंदा बुडवला. मेक्लेनबुर्गच्या सरंजामी मुलखात मजुराला गावात राहण्याचा हक्क मिळाल्याशिवाय लग्न करता येत नसे आणि तो हक्क बहुधा जहागीरदाराच्या मर्जीवर असे. त्यामुळे बाडेनचा नायक भावांशी झालेल्या वाटणीची सल घेऊन निघेल, वेस्टफेलियाचा नायक वडील भावाने घराबाहेर काढल्याची, आणि मेक्लेनबुर्गचा नायक कदाचित केवळ लग्न करता यावे म्हणून. वाटणीचे भांडण काय असते हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही; लेखकाने फक्त ते कोणत्या कायद्याखाली झाले एवढे बरोबर लिहावे.

एक मोठा गट तर जर्मनीतून आलेलाच नव्हता. १७६३ च्या जाहीरनाम्याने कॅथरीन दुसरी हिने परदेशी शेतकऱ्यांना रशियात बोलावले आणि हजारो जर्मन कुटुंबे व्होल्गाकाठी वसली. पुढे काळ्या समुद्राच्या उत्तरेलाही वसाहती झाल्या. शंभर वर्षांनी, १८७१ च्या सुमारास, झारच्या सरकारने त्यांच्या सवलती काढून घेतल्या आणि १८७४ मध्ये सक्तीची लष्करी नोकरी लागू केली. शस्त्र हाती न धरणाऱ्या मेनोनाइट पंथाला हे मान्य होणे शक्य नव्हते. मोलोच्ना वसाहतीतून १८७४ साली कॅन्ससला आलेल्या या लोकांपैकी बहुतेकांनी प्रवासाआधी जर्मनी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. त्यांच्या आठवणीतले गाव युक्रेनच्या गवताळ मैदानावर होते. म्हणून प्रेअरी पाहून ते भांबावले, असे लिहिणे चुकीचे ठरते. झाडे नसलेल्या सपाट मुलखात शेती कशी करायची हे प्रेअरीवर आलेल्या ज्या थोड्या लोकांना आधीपासून ठाऊक होते, त्यांत यांची गणना होते. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे प्रेअरीवरच्या याच मेनोनाइट समाजाचे मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या मध्य प्रांतात चांपा येथे येऊन राहिले. त्या प्रांताचा कारभार नागपूरहून चाले. कादंबरीत ओढूनताणून भारत आणू नये, पण तिसऱ्या पिढीपर्यंत कथा न्यायची असेल तर हा धागा खरा आहे.

पंथाकडे दुर्लक्ष करणे ही याच चुकीची धाकटी बहीण. मिनेसोटातील न्यू उल्म हे गाव शिकागोच्या जर्मनांनी स्थापलेल्या जमीनसंस्थेने १८५४ साली वसवले आणि पुढे सिनसिनाटीच्या टर्नर मंडळींनी, म्हणजे व्यायाममंडळांभोवती जमलेल्या मुक्त विचारांच्या जर्मनांनी, वाढवले. तेथे रविवारी नाटक, गाणे आणि बिअर चाले; ऑगस्ट शेल यांची ब्रुअरी १८६० साली सुरू झाली. कॅन्ससमधील मेनोनाइट गावातला रविवार याच्याशी कोठेच जुळत नाही. मिसूरीत स्थिरावलेल्या सॅक्सन लूथरपंथीयांचा, ज्यांच्यातून १८४७ मध्ये मिसूरी सिनड ही संस्था उभी राहिली, रविवार तिसराच. नावेसुद्धा पंथाप्रमाणे बदलतात. मेनोनाइट घरात आब्राहाम, कॉर्नेलियस, आगानेथा भेटतील आणि कॅथलिक घरात अलोइस व अँटोन. प्रत्येकाला हान्स आणि प्रत्येकीला ग्रेटा म्हणण्याने वाचकाला एवढेच कळते की लेखक एका यादीपलीकडे गेला नाही.

शेवटी क्रांतिकारकांविषयी. १८४८ ची क्रांती फसल्यावर देश सोडावे लागलेले सुशिक्षित लोक आकर्षक पात्रे होतात, म्हणून जवळजवळ प्रत्येक मसुद्यात बाप एकदा तरी बॅरिकेडवर उभा राहिलेला असतो. असे लोक काही हजार होते. १८५४ या एकाच वर्षी दोन लाखांहून अधिक जर्मन अमेरिकेत उतरले. क्रांतिकारक हवाच असेल तर तो गावातला वर्तमानपत्रवाला किंवा शिक्षक असू द्यावा आणि शेतकऱ्यांना त्याची भाषणे लांबलचक वाटू द्यावीत.

जमीन फुकट मिळाली असे मानणे

होमस्टेड कायद्यावर २० मे १८६२ रोजी सही झाली आणि तो १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. त्याआधी घडणाऱ्या कथेत कोणालाही होमस्टेड मिळता कामा नये. १८५० च्या दशकातले कुटुंब सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलर मोजून घेई. १८६३ नंतरही ‘१६० एकर फुकट’ हे अर्धेच सत्य आहे. अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा वयाची २१ वर्षे पूर्ण केलेला असावा लागे, आणि तो परदेशी असेल तर नागरिक होण्याचा इरादा त्याने आधी रीतसर नोंदवलेला असावा लागे. शुल्कापोटी एकूण १८ डॉलर जात. पाच वर्षे त्या जमिनीवर राहून, घर बांधून आणि शेती करून दाखवावी लागे. मग दोन साक्षीदार घेऊन कचेरीत पुरावा द्यायचा आणि नागरिकत्वही पूर्ण करायचे, तेव्हा कोठे पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, हाती पडे. रेल्वेला दिलेल्या प्रदेशाच्या हद्दीत तर १८७९ पर्यंत साधारण अर्जदाराला ८० एकरच मिळत.

कादंबरीकाराने या कलमांकडे कंटाळवाणा तपशील म्हणून पाहू नये, कारण कथानक त्यांतच दडलेले आहे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने अर्ज करता येत नसे, पण अविवाहित प्रौढ स्त्रीला आणि विधवेला येत असे. चौथ्या वर्षी नवरा वारला तर बायको पाचवे वर्ष काढून पट्टा मिळवू शके. साक्षीदार म्हणून ज्या शेजाऱ्याला न्यायचे त्याच्याशी ऐन वेळी भांडण झाले असेल तर काय होईल? मुलगी विसाव्या वर्षी लग्न करील की एकविसावे लागण्याची वाट पाहून आधी स्वतःचा अर्ज भरील? हे प्रश्न कोणत्याही वादळापेक्षा जास्त पाने पेलतात.

आणखी एक गोष्ट नकाशाची. सरकारी मोजणीत सहा मैल लांब-रुंद चौकोनाचा एक टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर, अशी आखणी होती. लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक सेक्शन रेल्वे कंपनीच्या मालकीचे असत आणि ती ते हप्त्यांवर विकत असे. कायद्याने प्रत्येकाला आपापल्या तुकड्यावरच राहण्याचे बंधन घातल्यामुळे घरे एकमेकांपासून दूर पडत. रशियातून आलेल्या मेनोनाइटांना मात्र एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे आणि मागे लांब पट्ट्यांची शेते अशा गावात राहण्याची सवय होती. कॅन्ससच्या मॅरियन काउंटीत १८७४ मध्ये त्यांनी ग्नाडेनाउ हे गाव तसेच वसवून पाहिले. जमिनीची मालकी कागदोपत्री वेगवेगळ्या व्यक्तींची होती, कराची नोटीस प्रत्येकाला वेगळी येई, आणि थोड्याच वर्षांत गाव विस्कटून माणसे आपापल्या सेक्शनवर राहायला गेली. एका समाजाची घडी मोजणीच्या रेषांनी कशी बदलली, हे दाखवण्यासाठी यापेक्षा चांगला प्रसंग शोधूनही सापडणार नाही, तरी मसुद्यांत तो क्वचितच येतो.

तिसऱ्या प्रकरणातच नायक १६० एकरांचा धनी झाला असेल आणि पुढे संघर्ष सापडत नसेल, तर पैशांचा हिशोब मांडून पाहावा. जमीन फुकट असली तरी बैल, नांगर, विहीर, बियाणे आणि पहिल्या दोन वर्षांचे धान्य फुकट नसे. म्हणून बाप रेल्वेच्या कामावर मजुरी करी, मोठी मुलगी शहरातल्या घरात मोलकरीण होई, आणि शेतावर आई व लहान मुले राहत. पुढे जमीन गहाण पडे. येथे मराठी लेखकाच्या हातून गावचा सावकार उतरण्याचा धोका असतो. प्रेअरीवर कर्ज देणारा बहुधा पूर्वेकडच्या शहरातल्या कंपनीचा एजंट असे, ज्याच्या मालकाचा चेहरा कर्जदाराने कधीच पाहिलेला नसे. मंडळीतले श्रीमंत धर्मबंधूही कर्ज देत आणि त्यातून होणारे अवघडलेपण वेगळेच. जमिनीचे मूळ पट्टे अमेरिकेच्या भूव्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. होमस्टेडच्या संपूर्ण संचिकांत साक्षीदारांच्या जबान्या असतात आणि त्यांत घराची लांबीरुंदी, खिडक्या, किती एकर नांगरले, हे सर्व सापडते. अशी एक संचिका वाचली तर दहा चित्रपट पाहण्याचे श्रम वाचतील.

प्रवासाचे साल न जुळणे

१८४० आणि ५० च्या दशकांत शिडाच्या जहाजाने ब्रेमरहाफेन किंवा हॅम्बुर्गहून निघालेल्या कुटुंबाचे सहा ते आठ आठवडे समुद्रावर जात. मिसूरीतल्या हर्मनसारख्या गावी जाणारे बरेच लोक न्यू ऑर्लिन्सला उतरून आगबोटीने मिसिसिपीवरून सेंट लुइसपर्यंत येत. १८७० च्या दशकात वाफेच्या जहाजाने हाच समुद्र साधारण दोन आठवड्यांत पार होई. आलेक्झांडरवोल नावाच्या चर्चमंडळीचे मेनोनाइट १८७४ मध्ये हॅम्बुर्गहून सिंब्रिया आणि ट्युटोनिया या आगबोटींनी न्यूयॉर्कला आले आणि तेथून आगगाडीने कॅन्ससला गेले. सँटा फे रेल्वेने त्यांच्यासाठी तात्पुरत्या राहण्याच्या लांब खोल्या बांधून दिल्या होत्या. त्यांच्या कथेत महिनोन्‌महिने चालणारा गाड्यांचा तांडा दाखवणे म्हणजे ऑरेगॉनला जाणाऱ्यांचा प्रवास त्यांच्या गळ्यात बांधणे होय.

बाकीच्या कालविपर्यासांची यादी लांब आहे, पण चार-पाच गोष्टी सतत दिसतात. एलिस बेट १ जानेवारी १८९२ ला सुरू झाले. १८५५ ते १८९० या काळात न्यूयॉर्कला येणारे लोक कॅसल गार्डन येथे उतरत. तेथील कारकुनाने आडनाव बदलले, हा लाडका प्रसंगही गाळावा, कारण नोंदी जहाज निघतानाच तयार झालेल्या यादीवरून होत. नावे बदलली ती पुढे शाळेत, दुकानात आणि जमीन कचेरीत, हळूहळू. काटेरी तारेचे ग्लिडन यांचे पेटंट १८७४ चे आहे, म्हणून १८६० चे कुंपण लाकडाचे किंवा काटेरी झुडपांचे हवे. रॉकेलचा दिवा १८५५ च्या झोपडीत जळता कामा नये. आणि वाऱ्यावर गडगडत जाणारे ते प्रसिद्ध वाळके झुडूप अमेरिकेचे नव्हेच. त्याचे बी रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्याबरोबर १८७० च्या दशकात डकोटात पोहोचले. १८५० च्या प्रेअरीवर ते उडवणारा लेखक जाणकार वाचकाला पहिल्याच पानावर गमावतो.

जमीन रिकामी होती असे दाखवणे

ही चूक सर्वांत गंभीर आहे आणि ती दोन प्रकारे होते. काही मसुद्यांत मूळ रहिवासी नसतातच; काहींत ते ओरडत घोड्यावरून येतात, घर जाळतात आणि प्रकरण संपताच नाहीसे होतात. दोन्हीकडे ‘हे लोक येथे कोण होते आणि त्यांची जमीन कशी गेली’ हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

न्यू उल्मचे उदाहरण घेऊ. १८५१ च्या करारांनी डकोटा या मूळ रहिवाशांनी दक्षिण मिनेसोटातील अफाट प्रदेश सोडला आणि मिनेसोटा नदीकाठचा एक चिंचोळा पट्टा त्यांच्याकडे राहिला. १८५८ मध्ये त्यातलाही नदीच्या उत्तरेकडचा भाग गेला. जर्मनांचे गाव या पट्ट्याच्या अगदी सीमेवर वसले होते. १८६१ चे पीक बुडाले, १८६२ च्या उन्हाळ्यात करारानुसार सरकारकडून यायची रक्कम वेळेवर आली नाही, व्यापाऱ्यांनी उधारीवर धान्य देणे बंद केले, आणि ऑगस्टमध्ये युद्ध भडकले. १९ आणि २३ ऑगस्टला न्यू उल्मवर हल्ले झाले, आसपासच्या शेतांवर अनेक कुटुंबे मारली गेली, आणि गाव रिकामे करून लोक मँकेटोकडे निघाले. तीनशेहून अधिक डकोटा पुरुषांना लष्करी आयोगाने मृत्युदंड सुनावला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी प्रकरणे तपासून बहुतेकांची नावे वगळली, तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटोत ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. त्याआधी, नोव्हेंबरमध्ये, कैद्यांना न्यू उल्मजवळून नेत असताना गावकऱ्यांनी, त्यांत बायकाही होत्या, बेड्या घातलेल्या माणसांवर हल्ला चढवला होता.

जिने ऑगस्टमध्ये मुलगा गमावला तीच बाई नोव्हेंबरमध्ये दगड उचलते, हे लिहिण्याचे धैर्य नसेल तर न्यू उल्मवर लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही प्रसंग हवेत आणि त्यांच्यामध्ये १८५१ चा करारही हवा. तो करार भाषणातून सांगण्याची गरज नाही. गावातल्या दुकानदाराची उधारीची वही पुरेशी आहे.

दुसऱ्या टोकाला टेक्सस आहे. तेथे फ्रेडरिक्सबर्गच्या जर्मनांच्या वतीने मॉयझबाख यांनी १८४७ मध्ये कोमांची प्रमुखांशी थेट करार केला आणि तो बराच टिकला. आणि १८७४ च्या मध्य कॅन्ससमध्ये मेनोनाइटांवर हल्ला दाखवणे खोटे ठरेल, कारण कॉ आणि ओसेज लोकांना त्याच्या आदल्या काही वर्षांतच दक्षिणेकडे इंडियन टेरिटरीत, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या मुलखात, हलवण्यात आले होते. तेथे खरा प्रसंग निराळा असेल: नांगराला लागलेले दगडी बाणाचे टोक, आणि ते हातात घेऊन ‘ही जमीन देवाने आपल्यासाठी राखून ठेवली होती’ असे मुलांना सांगणारा आजोबा. त्याला खोडून काढणारे पात्र घालण्याचा मोह आवरावा. साल वाचकाच्या हाती दिले की पुरते.

शेतीचे पंचांग चुकणे

आपल्याकडील शेतीची सवय येथे दगा देते. उखळणीचा नांगर मे-जूनमध्ये, गवत वाढीला लागलेले असताना चाले. शेकडो वर्षांच्या मुळांनी घट्ट झालेली ती माती फाडायला अनेक बैलजोड्या जुंपाव्या लागत आणि दिवसाकाठी एक-दोन एकर उलटले तरी बरे म्हणत. पहिल्या वर्षी उलट्या ढेकळांत कुऱ्हाडीने चिरा पाडून त्यांत मका टाकत. नीट पीक दुसऱ्या वर्षापासून. म्हणून पहिल्या हंगामात १६० एकर गहू डोलताना दाखवणे अशक्य आहे. गव्हाचाही प्रदेश पाहावा. मिनेसोटा आणि डकोटात तो वसंतात पेरत. कॅन्ससच्या मेनोनाइटांनी आणलेला टर्की रेड हा गहू शरद ऋतूत पेरून हिवाळा बर्फाखाली काढी आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आरंभी कापणीला येई. हा गहू १८७४ मध्ये आला म्हणून दोन वर्षांत सारे कॅन्सस सोनेरी झाले, ही दंतकथा आहे. तो कठीण दाणा जुन्या जात्यांना दळवत नव्हता, आणि त्याचा मोठा प्रसार बर्नहार्ड वार्केंटिन यांच्यासारख्या गिरणीवाल्यांनी १८८० च्या दशकात बियाणे मागवल्यावर झाला.

घराच्या बाबतीतही प्रदेश आधी ठरवावा. मिसूरी आणि मिनेसोटाच्या नदीकाठी झाडे होती, म्हणून तेथे पहिले घर ओंडक्यांचे. हिरवळीच्या मातीच्या लाद्या, गवताची बाजू खाली ठेवून, रचलेले घर पश्चिमेकडे, नेब्रास्का व पश्चिम कॅन्ससमध्ये. रशियातून आलेले जर्मन बहुधा मातीच्या कच्च्या विटा थापत. ते शेण आणि पेंढा एकत्र तुडवून, वाळवून, फावड्याने चौकोनी कापून जळण करत. आपल्या गोवऱ्यांची ही भावकीच, फक्त हातावर थापण्याऐवजी घोड्यांच्या पायांखाली मळलेली. यांकी, म्हणजे इंग्रजी बोलणारे अमेरिकन, शेजारी नाक मुरडत, आणि जर्मन बायका शेतात नांगरामागे चालतात हे पाहूनही मुरडत. या नाक मुरडण्यातून जे संवाद निघतील ते लिहावेत. लाद्यांचे वर्णन दोन ओळींत आटोपले तरी चालेल.

संवादांत बोलीचा गोंधळ

घरात प्लाउटडीच ही जर्मन बोली, चर्चमध्ये प्रमाण जर्मन, बाजारात मोडकी इंग्रजी, अशा तीन पातळ्यांवर मेनोनाइट कुटुंब जगत होते. ते दाखवण्यासाठी घरच्या संवादांना मालवणी किंवा वऱ्हाडी चढवण्याचा प्रयोग करू नये. पहिल्याच वाक्याला वाचक कॅन्सस सोडून अमरावतीला पोहोचतो. घरात आखूड, तुटक वाक्ये, प्रवचनात जड आणि लांब वाक्ये, आणि इंग्रजी बोलणारा माणूस समोर आला की बापाचे गप्प होणे व बारा वर्षांच्या मुलाने पुढे होऊन बोलणे, एवढ्याने तिन्ही पातळ्या उभ्या राहतात. तू आणि तुम्ही यांचा भेद जर्मनमध्येही असल्यामुळे मराठी लेखकाला येथे आयती सोय आहे, आणि अनेक जर्मन खेड्यांत मुले आईवडिलांना आदरार्थीच बोलत, हेही ध्यानात ठेवावे. नावांचे लेखन उच्चाराप्रमाणे व शेवटपर्यंत एकसारखे ठेवावे: फोगल, वीबे, त्सिमरमान. त्सिमरमान एखाद्या प्रकरणात झिमरमन झाला, तर तो कोणाच्या तोंडी झाला हे लेखकाला माहीत असले पाहिजे.

संकटांची रांग लावणे

१८७३ ची आर्थिक मंदी, १८७४ ची टोळधाड, १८८०-८१ चा लांबलेला हिवाळा, १२ जानेवारी १८८८ चे हिमवादळ आणि १८९० च्या दशकातला दुष्काळ, हे सर्व एकाच कुटुंबावर तितक्याच जोराने कोसळवले की वाचक पानांऐवजी संकटे मोजू लागतो. एक निवडावे आणि त्याची यंत्रणा समजून घ्यावी. १८७४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोळ कॅन्ससवर उतरले तेव्हा गव्हाची कापणी बहुतेक उरकली होती आणि मका उभा होता. म्हणजे ज्याने गहू पेरला तो तगला आणि केवळ मक्यावर विसंबलेला शेजारी पूर्वेकडे परत गेला. मेनोनाइटांचे जथे याच्या पाठोपाठ आले आणि निघून जाणाऱ्यांच्या जमिनीही त्यांना विकत मिळाल्या. एकाचे संकट दुसऱ्याची संधी झाली, हा कथेतला गाठीचा भाग. टोळांनी आकाश झाकले, हे त्याचे केवळ निमित्त. १८८८ च्या वादळाचेही तसेच: सकाळ उबदार होती, मुले पातळ कपड्यांत शाळेत गेली होती, आणि वादळ शाळेच्या वेळात आले. शिक्षिकेने मुलांना थांबवावे की घरी सोडावे, हा एकच निर्णय पूर्ण प्रकरण पेलतो.

शेवट लवकर उरकणे

बहुतेक मसुदे लाकडी फळ्यांचे नवे घर, भरलेले कोठार आणि नातवंडे येथे थांबतात. साल साधारण १९०० असते. पुढे सतराच वर्षांत अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि याच कुटुंबांच्या दारांवर पिवळा रंग फासला जाऊ लागला. आयोवाच्या गव्हर्नरने १९१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी, अगदी टेलिफोनवरही, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इलिनॉयमधील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराला जमावाने फाशी दिले. सैन्यात जाण्यास नकार देणारे, मेनोनाइटांसारख्याच शस्त्रविरोधी हटराइट पंथाचे तरुण तुरुंगात गेले, त्यांतले दोघे तेथेच मरण पावले, आणि डकोटातील त्यांच्या बहुतेक वसाहती कॅनडाला निघून गेल्या. नेब्रास्काने १९१९ मध्ये लहान मुलांना परकी भाषा शिकवणे गुन्हा ठरवले; लूथरपंथी शाळेतील रॉबर्ट मेयर या शिक्षकाला एका मुलाकडून जर्मन बायबलकथा वाचून घेतल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

कथा १९०० ला संपवण्यास हरकत नाही, पण ते ठरवून संपवावे. रशियात सवलती काढून घेतल्या गेल्या म्हणून निघालेला आजोबा १८७४ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा असेल, तर १९१८ मध्ये तो एकोणनव्वदचा असेल आणि त्याचा नातू सैन्यभरतीच्या वयाचा. कथानकात अशी एक व्यक्ती हयात ठेवायची की नाही, हे वंशवृक्ष आखतानाच ठरवावे लागते. शेवटच्या प्रकरणात ते सुचले तर तिचे जन्मसाल, लग्नाचे वय आणि जहाजावरच्या यादीतली नोंद या तिन्ही जागा मागे जाऊन दुरुस्त कराव्या लागतात.